थडग्यातल्या दिव्यावरचे चित्र



दिवाळीच्या पणत्या आपण सर्वांनीच हाताळल्या आहेत. रोम, ट्युनिस, लंडन यांसारख्या शहरांतील वस्तुसंग्रहालयांत गेल्यास पणतीच्याच कुळातल्या मातीच्या दिव्यांच्या रांगाच्या रांगा मांडलेल्या दिसतात. हे दिवे रोमन साम्राज्याच्या काळातले, म्हणजे साधारणपणे इसवी सनाच्या आरंभापासून पुढच्या चार-पाच शतकांतले आहेत. कुणावर सिंह, कुणावर रथांची शर्यत, तर कुणावर पंख असलेली विजयदेवता उठावात काढलेली असते. त्यांतले पुष्कळसे अखंड दिवे थडग्यांतून निघालेले आहेत. त्याचे कारण सोपे आहे. घरातला दिवा रोज हाताळला जाई, पडून फुटे आणि त्याचे तुकडे उकिरड्यावर जात. थडग्यातला दिवा मात्र जपून ठेवलेला असे. त्यावर माती किंवा दगड बसला की शेकडो वर्षे त्याला कोणाचा धक्का लागत नसे.

असा दिवा पाहिला की चित्रावरून माणूस ओळखण्याचा मोह होतो. दिव्यावर योद्धा आहे, म्हणजे थडग्यात योद्धा असणार. दिव्यावर देव आहे, म्हणजे मृत व्यक्ती त्या देवाची भक्त असणार. हा तर्क कितपत धरून चालावा, हेच आम्हांला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आधी हा दिवा कसा होता आणि तो कसा तयार होत असे, हे पाहू.

पणती आणि रोमन दिवा

आपली पणती वरून उघडी असते. रोमन दिवा वरून झाकलेला असे. तळहातावर मावेल एवढ्या त्या दिव्याच्या मधोमध एक गोल, थोडी खोलगट चकती असे. चकतीत एक लहान छिद्र असे, त्यातून आत तेल ओतायचे. एका बाजूला पुढे आलेली चोच असे आणि तिच्या टोकाला वातीचे भोक असे. पुष्कळ दिव्यांना चोचीच्या विरुद्ध बाजूला धरण्यासाठी कान असे. दिवा झाकलेला असल्यामुळे तो हातात घेऊन चालले तरी तेल सहसा सांडत नसे. भूमध्य समुद्राच्या आसपास दिव्यात बहुधा ऑलिव्हचे तेल घालत. इजिप्तमध्ये एरंडेलही वापरात होते. वात बहुधा अळशीच्या झाडापासून काढलेल्या धाग्यांची असे.

दिवा झाकलेला असल्याचा आणखी एक परिणाम झाला. वरच्या चकतीवर चित्र काढायला जागा मिळाली. आपल्या पणतीत ती जागा तेलाने व्यापलेली असते, म्हणून आपली नक्षी बाहेरच्या अंगाला किंवा काठावर येते. रोमन कुंभाराने नेमकी ही चकतीच चित्रासाठी वापरली.

साचा आणि नक्कल

फार पूर्वी ग्रीक लोक दिवे चाकावर घडवत. पुढे साचे आले आणि रोमन काळात साच्याचीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. कारागीर प्रथम एक नमुन्याचा दिवा नीट कोरून तयार करी. त्यावरून मातीचे किंवा प्लॅस्टरचे दोन साचे घेत, एक वरच्या भागाचा आणि एक खालच्या भागाचा. दोन्ही साच्यांत ओली माती दाबून बसवायची, दोन्ही अर्धे एकमेकांना जोडायचे, माती थोडी आवळली की दिवा बाहेर काढून सांधा पुसायचा आणि तेलाचे व वातीचे छिद्र पाडायचे. मग पातळ मातीचा लेप देऊन दिवा भट्टीत भाजायचा. तेलाचे छिद्र चित्रातल्या मोकळ्या जागेत पाडण्याची काळजी चांगला कारागीर घेई. घाईत काम झाले की ते छिद्र थेट चित्रातल्या आकृतीवरच येई, असेही दिवे सापडतात.

साच्यामुळे एकाच चित्राचे शेकडो दिवे काढता येऊ लागले. काही कारखानदार दिव्याच्या तळाशी आपले नाव ठसठशीत अक्षरांत उमटवत. त्यांतले 'फॉर्टिस' हे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. २००८ साली उत्तर इटलीतील मोदेना शहरात रोमन काळातील कुंभारांच्या टाकाऊ मालाचा ढीग सापडला. त्यात फॉर्टिस, स्ट्रोबिलुस, कॉम्युनिस अशी निरनिराळ्या कारखानदारांची नावे असलेले दिवे निघाले.

पण फॉर्टिसचे नाव असलेले दिवे केवळ इटलीतच मिळतात असे नाही. आजचा फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि बाल्कन प्रदेश येथेही ते मिळतात, आणि ते सगळे फॉर्टिसच्या भट्टीतले नाहीत. बाजारातून तयार दिवा आणायचा, त्यावरूनच नवा साचा घ्यायचा आणि दिवे काढायचे, असा उद्योग ठिकठिकाणी चाले. मूळ दिव्यावरचे नावही साच्यात आपोआप उतरे.

ही नक्कल ओळखता येते. माती वाळताना आणि भाजताना आकसते. समजा, ती दहा टक्के आकसली. मूळ दिवा १० सेंटिमीटर लांब असेल, तर त्यावरून घेतलेल्या साच्यातला दिवा भाजल्यावर ९ सेंटिमीटर होईल. त्या दिव्यावरून पुन्हा साचा घेतला तर पुढचा दिवा सुमारे ८ सेंटिमीटरच भरेल. शिवाय दर वेळी चित्राचे बारकावे पुसट होतात. सिंहाची आयाळ आधी अस्पष्ट होते आणि मग नुसता उंचवटा राहतो. म्हणून अभ्यासक दिवा हातात आला की चित्राबरोबर त्याची लांबी आणि रेषांचा रेखीवपणाही तपासतात.

चित्राची निवड कोणाची?

हे सगळे लक्षात घेतले तर एक गोष्ट स्पष्ट होते. दिव्यावरचे चित्र सहसा एखाद्या मृतासाठी मुद्दाम काढलेले नसे. बाजारात जे खपे ते कारखानदार काढी. गरुडासह ज्युपिटर, विजयदेवता, पंखवाली बालके, ग्लॅडिएटरांच्या झुंजी, कुत्रा, ससा, डॉल्फिन, जहाज, फुलाच्या पाकळ्या, शिंपला, असा सर्व प्रकारचा माल असे. नववर्षाच्या शुभेच्छा कोरलेले दिवेही मिळत.

विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा धर्म आडवा येत नसे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रोमच्या परिसरात 'अन्निसेर' अशा संक्षिप्त नावाची मोहोर असलेले दिवे बनत. त्यांतल्या काही दिव्यांवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. ख्रिस्ती लोक या आकृतीत येशूला पाहत. त्याच कारखान्याने जुन्या रोमन देवतांची चित्रे असलेले दिवेही विकले. मेंढपाळ हा विषय ख्रिस्ती नसलेल्या रोमन लोकांनाही आवडत असे. मग मेंढपाळाचा दिवा विकत घेणारा ख्रिस्ती होता की नाही, हे त्या दिव्यावरून कसे ठरवायचे? नुसत्या दिव्यावरून ते ठरत नाही.

पुढच्या काळात, विशेषतः चौथ्या-पाचव्या शतकांत, ख्रिस्ताच्या नावाची जोडाक्षरी खूण किंवा ज्यूंचा सात फाट्यांचा दीपवृक्ष काढलेले दिवे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. अशा उघड खुणांचे वजन अर्थातच अधिक असते.

थडग्यात दिवा कशासाठी?

दिवा थडग्यात येण्याची कारणे एकाहून अधिक होती. पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. रोमजवळच्या कॅटाकोम, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमी, हे मैलोगणती लांबीचे अंधारे बोगदे आहेत. तिथे खोदणाऱ्यांना आणि दर्शनाला येणाऱ्यांना उजेड लागे. त्यासाठी भिंतीत कोनाडे केलेले आहेत. काही दिवे मात्र कबरीचे तोंड बंद करताना ओल्या चुन्यातच बसवून टाकलेले आढळतात. ते त्या मृतासाठी ठेवलेले होते, यात शंका नाही.

दुसरे कारण म्हणजे मृताचे स्मरण. रोमन लोक दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी या दिवसांत पितरांसाठी विधी करत आणि थडग्यांवर जाऊन फुले, धान्य, मीठ अशा साध्या गोष्टी वाहत. आपल्याकडे पितृपक्ष असतो आणि मृत्यूनंतर घरात काही दिवस दिवा तेवत ठेवतात, त्याची इथे आठवण होईल. दोन्ही चालींचा परस्परांशी संबंध होता असे मात्र समजू नये. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले असे होत नाही.

थडग्यावरच्या दिव्याला केवढे महत्त्व होते, हे रोमन कायद्याच्या एका प्रकरणावरून कळते. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५३३ साली, जुन्या कायदेपंडितांच्या मतांचा 'डायजेस्ट' नावाचा मोठा संग्रह सिद्ध झाला. त्यात तिसऱ्या शतकातील मॉडेस्टिनुस या पंडिताचे एक मत आहे. मेविया नावाच्या बाईने मृत्युपत्रात साक्कुस, युतिखिया आणि हिरेने या आपल्या तीन गुलामांना मुक्त केले होते. अट अशी की, त्यांनी एक महिन्याआड तिच्या थडग्यावर दिवा लावावा आणि मृत्यूनंतरचे विधी करावेत. पुढे ते तिघे नियमितपणे थडग्यावर येईनात. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, त्यांना मुक्त मानायचे की नाही? मॉडेस्टिनुसने सांगितले की, बाईच्या मनात त्यांचे स्वातंत्र्य अडवून ठेवण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून ते मुक्तच आहेत. मात्र तिची आज्ञा त्यांच्याकडून पाळून घेणे हे न्यायाधीशाचे काम आहे.

एका दिव्यावर तीन माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून राहण्याची वेळ आली होती! आणि या प्रकरणात दिव्यावर कोणते चित्र असावे, याचा उल्लेखही नाही. मेवियाला हवी होती ती ज्योत, आणि ती लावायला येणारे कोणीतरी.

लंडनमधले एक थडगे

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. १९९६ साली लंडनच्या साउदर्क भागात, ग्रेट डोव्हर स्ट्रीट येथे रोमन दफनभूमीचे उत्खनन झाले. तिथे एका तरुण स्त्रीचे दहन झालेला खड्डा सापडला. खड्ड्यावर चिता रचून दहन करायचे आणि राख व अस्थी खाली पडू द्यायच्या, अशी ती पद्धत होती. त्या खड्ड्यात मातीचे आठ दिवे आणि धूप जाळण्याची पात्रे मिळाली. अंजीर, खजूर, बदाम आणि कोंबडी अशा पदार्थांचे जळके अवशेष मिळाले, तसेच पाइन झाडाची जळकी फळेही मिळाली. एका दिव्यावर पडलेला ग्लॅडिएटर होता. तीन दिव्यांवर अनुबिस होता. अनुबिस हा कोल्ह्यासारखे डोके असलेला इजिप्शियन देव मृतांना परलोकाची वाट दाखवतो, अशी समजूत होती.

२००० साली ही माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा ही स्त्री स्वतः ग्लॅडिएटर असावी, अशी कल्पना पुढे आली. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. रोमन काळात क्वचित स्त्रियाही आखाड्यात उतरत हे खरे आहे. पण या स्त्रीविषयी पुरावा काय होता? मुख्यतः एका दिव्यावरचे चित्र आणि पाइनची फळे, कारण तशी फळे लंडनच्या आखाड्याजवळही मिळाली होती. अनेक अभ्यासकांनी यावर शंका घेतली. ग्लॅडिएटरचे दिवे साम्राज्यभर ढिगाने विकले जात होते. पाइनची फळे सुगंधासाठी इतर ठिकाणीही देवकार्यात जाळत. ती स्त्री आखाड्यातली असू शकेल, किंवा झुंजी पाहण्याची हौस असलेली एखादी सधन स्त्रीही असू शकेल. तिच्या घरच्यांना त्या दिवशी दुकानात तोच दिवा मिळाला, असेही घडले असेल.

अनुबिसचे मात्र थोडे निराळे आहे. एकाच थडग्यात एकाच देवाचे तीन दिवे आहेत, आणि तो देव मृतांचा वाटाड्या आहे. हे दिवे कोणीतरी निवडून आणले असावेत, असे म्हणायला अधिक आधार आहे. तरीही ही निवड मृत स्त्रीची होती की दहन करणाऱ्या नातेवाइकांची, हे सांगता येत नाही.

म्हणून थडग्यातला दिवा पाहताना चित्राबरोबर आणखी चार प्रश्न विचारायला हवेत. एक, हे चित्र सर्रास मिळणारे होते की दुर्मिळ? दोन, एकच चित्र पुन्हा पुन्हा आले आहे का? तीन, चोचीला काजळी आहे का, म्हणजे दिवा वापरलेला होता की कोरा? चार, तो नेमका कुठे ठेवला होता, डोक्याशी, पायाशी, चितेच्या राखेत की दाराशी? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दिवा स्वतः आणि त्याच्याबरोबर सापडलेल्या वस्तू देतात. चौथ्याचे उत्तर केवळ जागा देते.

अकोट्याचा एरॉस

हाच धडा आपल्या शहरातही मिळतो. जैन कांस्यमूर्तींमुळे प्रसिद्ध झालेले अकोटा आपल्या वडोदऱ्यातच आहे. तिथे रोमन बनावटीच्या कांस्यपात्राची एक मूठ सापडली आहे. तिच्यावर एरॉस, म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव, कोरलेला आहे. त्या काळी भडोच हे मोठे बंदर होते आणि पश्चिमेकडून तेथे माल उतरत असे. ती मूठ मिळाली म्हणून अकोट्यात एरॉसची पूजा होत होती असे आपण म्हणत नाही. दूरदेशीचे सुबक भांडे कोणीतरी घेतले होते, एवढेच म्हणतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इटलीत आहे. १९३८ साली पॉम्पेई येथे हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात ही मूर्ती होती. त्या घराचा मालक भारतीय होता, असे त्यावरून ठरत नाही. मात्र भारताशी व्यापार होता हे तिने पक्के केले. वस्तू जिथे सापडली त्या जागेमुळेच तिला हे मोल आले.

जागा हरवली की काय हरवते?

दुर्दैवाने हजारो दिव्यांच्या बाबतीत जागाच हरवलेली आहे. १८६५ ते १८७६ या काळात लुइजी पाल्मा दि चेस्नोला हे अमेरिकेचे वकील म्हणून सायप्रस बेटावर होते. त्यांनी तिथली असंख्य थडगी उकरून वस्तू गोळा केल्या. त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतल्या आणि १८७९ साली चेस्नोला त्या म्युझियमचे पहिले संचालक झाले. आज त्या संग्रहात मातीचे साडेचारशेच्या आसपास दिवे आहेत. दिवे सुंदर आहेत, पण कोणता दिवा कोणत्या थडग्यातून, कोणाच्या शेजारून काढला, याची विश्वासार्ह नोंद बहुतेकांच्या बाबतीत नाही. मृत व्यक्ती पुरुष होती की स्त्री, मूल होते की म्हातारे माणूस, शेजारी आणखी काय ठेवले होते, हे सगळे कायमचे गेले. उरले ते केवळ चित्र, आणि चित्र एकटे फार थोडे सांगते हे आपण पाहिलेच.

हा प्रकार एकोणिसाव्या शतकातच संपला असेही नाही. रोमन दिवे लहान असतात, लपवून नेता येतात आणि त्यांना गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे थडगी फोडून दिवे विकण्याचा चोरटा धंदा आजही चालतो. साच्यामुळे बनावट दिवे करणेही सोपे जाते. हे रोखण्यासाठी १९७० साली युनेस्कोने आंतरराष्ट्रीय करार केला. आपल्या देशातही १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा आहे.

आपल्यापुरते यातून दोन गोष्टी करता येतील. शेतात, नदीकाठी किंवा पाया खोदताना जुने भांडे, नाणे किंवा मूर्ती दिसली तर ती उचलून घरी आणू नका. जागेवरच राहू द्या, मोठ्यांना सांगा आणि त्यांच्यामार्फत मामलेदार कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. पुढच्या वेळी सयाजीबागेतील संग्रहालयात जाल, तेव्हा वस्तूवरचे चित्र पाहण्याआधी तिच्या खालची पाटी वाचा आणि ती वस्तू कुठे मिळाली हे लिहिले आहे का ते पाहा. वहीत दोन रकाने करा. ज्यांचे सापडण्याचे ठिकाण दिले आहे त्या वस्तू एकात लिहा आणि ज्यांचे दिलेले नाही त्या दुसऱ्यात. दोन्ही रकान्यांतल्या वस्तूंविषयी आपल्याला किती सांगता येते, याची तुलना वर्गात अवश्य करा.